पाचव्या बाटलीचा आकडा

१

सोमवारी सकाळी मी प्राध्यापक डेकरांचा मेल उघडला आणि हातातला चहा तसाच राहिला. चार देशांचा आकडा एक आणि नाशिकचा वेगळा. थोडाथोडका नाही, जवळजवळ दुप्पट! मेलच्या शेवटी अत्यंत सभ्य शब्दांत लिहिलं होतं की, नाशिकच्या बाटलीत कोणीतरी मागाहून काही मिसळलं असावं, किंवा आकडा मोजलाच नसून नुसता लिहिला असावा. आमच्या पाच देशांच्या प्रकल्पाचा प्रमुख असलेला हा डच माणूस एखाद्याला लबाड म्हणतानासुद्धा आधी ‘कृपया’ म्हणतो.

मी सुधा दाबके. गंगापूर रोडवरच्या आमच्या नदी-अभ्यास केंद्राची संचालक. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं सगळे म्हणतात, आणि त्या सकाळी तो शेंडाही सोडून बाहेर उसळला होता. कारण हा आकडा तेजलचा होता.

तेजल पगारे ही आमची सगळ्यात तरुण शास्त्रज्ञ. दोन वर्षं तिने गोदावरीचं पाणी मोजलंय. कपड्यांच्या साबणात पांढरेपणासाठी एक द्रव्य घालतात, ते जांभळ्या दिव्याखाली चमकतं. लग्नाच्या हॉलमध्ये डीजेचे दिवे लागले की पांढरे शर्ट निळे झगमगतात ना, तेच ते. नदीच्या पाण्यात ती चमक सापडली म्हणजे घराघरांतलं सांडपाणी नदीत शिरतंय. नेदरलँड्स, पोर्तुगाल, केनिया, व्हिएतनाम आणि आपण, असे पाच देश पाच नद्यांमधली ही चमक एकाच पद्धतीने मोजतो. आपली मोजणी खरी आहे ना, हे ताडून पाहायला अधूनमधून एकाच पाण्याच्या पाच बाटल्या भरतात आणि पाचही देश त्या एकाच दिवशी तपासतात. या खेपेला पाणी गोदावरीचं होतं आणि दिवस होता दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

पाचही देशांसाठी मोजणीचे नियम ठरवणारी मुख्य प्रयोगशाळा नाशिकला व्हावी आणि तिची प्रमुख तेजल असावी, असं जवळपास ठरलं होतं. आता शुक्रवारच्या बैठकीत खुलासा झाला नाही, तर तेजलचं नाव वगळलं जाणार होतं. त्याबरोबर तिचे दोन वर्षांचे आकडेही केराच्या टोपलीत जाणार होते.

मेल वाचून तेजल खुर्चीत बसली.

“मॅडम,” ती म्हणाली, “मी आकडा बनवला नाही.”

“ते मला सांगू नकोस गं! मला माहीत आहे.”

“पण मग तो आला कुठून?”

 याचं उत्तर कोण शोधू शकेल हे मला ठाऊक होतं.

२

संजना साळवे माझी शाळेपासूनची मैत्रीण. ओझरच्या विमान कारखान्यात तिची सगळी नोकरी एका अंधाऱ्या खोलीत गेली. विमानाच्या सुट्या भागांना चमकणारा रंग लावायचा, तो पुसायचा आणि जांभळ्या दिव्याखाली बघायचं. जिथे केसाएवढी भेग असेल तिथे रंग अडकून चमकतो. भेग सापडली की तिच्यासमोर बड्या बड्या इंजिनिअरांचं काही चालत नसे. निवृत्त झाली तरी तिच्या नजरेतला तो दिवा काही विझलेला नाही. माझ्या साडीचा फॉलसुद्धा उसवलेला तिला रस्त्याच्या पलीकडून दिसते.

“सुधा, आधी ओरडणं बंद कर,” आल्या आल्या ती म्हणाली. “बाटली कुठाय?”

अर्धी बाटली फ्रीजमध्ये शिल्लक होती. संजनाने तेजलला तेच पाणी पुन्हा यंत्रात तपासायला लावलं. तपासणी साधी असते. काचेच्या नळीत पाणी घ्यायचं, यंत्राच्या खाचेत नळी बसवायची, झाकण लावायचं आणि पडद्यावरचा आकडा बघायचा. आम्ही तिघी पडद्याकडे वाकलो.

आकडा आला. बाकीच्या चार देशांचा होता तोच!

“म्हणजे पाणी सोवळं,” संजना म्हणाली. “कोणी काही मिसळलेलं नाही. मिसळलं असतं तर आजही ते त्यात दिसलं असतं.”

“मग यंत्र बिघडलंय,” मी म्हणाले.

“बिघडलं असतं तर आजही चुकलं असतं. काय गं तेजल, मोजायच्या आधी तुम्ही कोरं पाणी तपासून बघता ना? शून्य येतं की नाही ते?”

तेजलचा चेहरा उतरला. “रोज बघते. त्या दिवशी नाही बघितलं. खंडेनवमी आणि दसरा, दोन दिवस लॅब बंद होती. सुट्टीच्या आधी शून्य आलं होतं. मध्ये कोणी हातच लावला नाही, तर बदलणार काय, असं वाटलं मला.”

कपाळावर हात मारावा की तिच्या पाठीवर ठेवावा हे मला कळेना. शेवटी पाठीवरच ठेवला.

संजना यंत्राभोवती एक फेरी मारून आली. “सुट्टीच्या आधी यंत्र ठीक, आज ठीक, मधल्या त्या एका दिवशी चूक. याचा अर्थ सरळ आहे. सुट्टीत या यंत्राला काहीतरी लागलं होतं.” ती माझ्याकडे वळली. “आणि नंतर कोणीतरी ते पुसलं. पुसलं, आणि तुला सांगितलं नाही.”

३

लॅबच्या दाराला कार्ड लागतं, पण कोण कधी आलं याची नोंद होत नाही. कार्ड माझ्याकडे, तेजलकडे, यंत्रांची देखभाल करणाऱ्या अथर्वकडे आणि घाटावरून पाण्याचे नमुने आणणाऱ्या ढुंढिराजकडे. पाचवं कार्ड इनेशचं. इनेश ही पोर्तुगालची शास्त्रज्ञ, तीन महिने आमच्याकडे काम करून दसऱ्याच्या संध्याकाळी मायदेशी परतली. पोरगी नाशिकच्या इतकी प्रेमात पडली की मिसळ चापून खायची, येवल्याच्या पैठणीची ओढणी मिरवायची, आणि खंडेनवमीला झेंडूच्या माळा घातलेल्या रिक्षांचे फोटो तिने आम्हा सगळ्यांना पाठवले होते.

“तेजल, तू कुठे होतीस दोन दिवस?” संजनाने विचारलं.

“नवमीला घरीच. दसऱ्याला त्रिरश्मी लेणीला. धम्मचक्र प्रवर्तन दिन ना! मावशी, तुम्हीच तर तिथे भेटलात. लाडू दिलात.”

“दिला होता. बरं, पुढचा.”

ढुंढिराज पाराशरे आला. रामकुंडावरच्या उपाध्यांच्या घरातला हा मुलगा, पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. झालेला. घाटाची पायरीन् पायरी त्याला ओळखते. टोपी घालून आला होता, ती संजनाकडे बघून त्याने काढली. डोक्यावर नुकते फुटू लागलेले केस.

“कोण गेलं रे?” संजनाचा आवाज एकदम मऊ झाला.

“चुलते. तिसऱ्या माळेला गेले. त्यांना मूलबाळ नव्हतं, अग्नी मीच दिला.”

“सुट्टीत लॅबमध्ये आला होतास?”

“नाही ताई. घराबाहेरच पडलो नव्हतो. नंतरच्या दिवशीही नव्हतो आलो.”

मी मध्येच तोंड घातलं. “ढुंढिराज, गेल्या वर्षी खंडेनवमीला तू नमुन्यांच्या पेटीला हार घातला होतास आणि मी तुला झापलं होतं. आठवतंय?”

“आठवतंय मॅडम. ‘ही प्रयोगशाळा आहे, देवघर नाही’ म्हणालात.”

म्हणाले होते खरी. आणि अख्ख्या केंद्राला ऐकू जाईल अशा आवाजात.

तिसरा अथर्व. याच्यावर माझा आधीपासून संशय होता, कारण पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्याने नोकरीसाठी अर्ज केल्याचं माझ्या कानावर आलं होतं. नाशिकचं नाव कटलं तर मुख्य प्रयोगशाळा पुण्याला जाण्याची शक्यता होती.

“अर्ज केलाय, लपवत नाही,” अथर्व म्हणाला. “बायकोची ट्रान्सफर झालीय पुण्याला. यात गुन्हा काय?”

“काही नाही,” संजना म्हणाली. “यंत्र तूच उघडतोस. पुसलंस कशाने ते सांग.”

अथर्वने एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि मग जमिनीकडे.

“स्पिरिटने. टेस्ट झाली त्याच दिवशी दुपारी सर्व्हिसिंगला यंत्र उघडलं, तर झाकणाच्या आत, मागच्या बाजूला, सहज दिसणार नाही असं हळदकुंकू. तेलकट. बोट पिवळं झालं, आणि पिवळं पुसलं तर खाली लाल. म्हटलं मॅडमनी बघितलं तर ढुंढ्याची नोकरी जाईल. आधीच त्याच्या घरी तसं झालेलं. पुसून टाकलं आणि गप्प बसलो. आकडा त्याने चुकला असेल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही हो!”

मी उठलेच. चोर सापडला होता.

४

“ढुंढिराऽज!”

“सुधा, खाली बस.”

“काय खाली बस? गेल्या वर्षी हार, यंदा हळदकुंकू! त्या पोरीचं करिअर—”

“चोर सोडून संन्याशाला फाशी देशील तू. बस म्हणते ना!”

मी बसले. संजनाने पर्समधून जांभळा टॉर्च काढला, पडदे ओढले आणि यंत्राचं झाकण उचललं. झाकणाखालच्या रबरी कडेत, जिथे अथर्वचा बोळा पोचला नव्हता, एक बारीक पिवळी रेघ चमकत होती.

“हळद,” ती म्हणाली. “कारखान्यात खंडेनवमीला लेथपासून क्रेनपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागायचं. माझ्या अंधाऱ्या खोलीत मात्र मी कोणाला फिरकू द्यायची नाही. कारण जांभळ्या उजेडात हळद चमकते. तेलात कालवली तर विचारूच नको. एकदा एका हौशी शिपायाने पूजा केली आणि धडधाकट पंख्याच्या पात्यात मला भेगाच भेगा दिसायला लागल्या! इथेही तेच झालं. ओली हळद ओघळून नळीच्या खाचेत उतरली. यंत्राने ती चमक साबणाची म्हणून मोजली.”

“मग मी तेच तर म्हणतेय! ढुंढिराज—”

“त्याचे चुलते तिसऱ्या माळेला गेले. खंडेनवमी नवव्या माळेला. दहा दिवसांचं सुतक तेव्हा फिटलेलंच नव्हतं. उपाध्यांच्या घरातला मुलगा, स्वतः अग्नी दिलेला, सुतकात हळदकुंकवाला हात लावेल? तू दम दिलास तरी लावणार नाही.”

 ढुंढिराज दारात उभा होता. त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली.

“मग अथर्वने लावलं?” मी हळूच विचारलं.

“त्याचंच वाक्य आठव. पिवळं पुसलं तर खाली लाल. म्हणजे आधी कुंकू लावलं आणि त्यावर हळद.” संजनाने तेजलकडे पाहिलं. “आमच्याकडे पूजाअर्चा नाही. तरी शेजारीपाजारी, शाळेत, कारखान्यात जन्मभर बघितलंय. आधी काय लावतात गं?”

“हळद,” तेजल लगेच म्हणाली. “मग कुंकू.”

“पाच वर्षांचं पोर सांगेल. शिवाय सगळे पाण्यात कालवतात, इथे तेल. मारुतीचा शेंदूर तेलात असतो, तो कोणी पाहिला असेल आणि तेच इथे लावलं असेल. सुधा, हे काम इथे वाढलेल्या माणसाचं नाही. हे फार प्रेमाने केलेलं आहे, आणि ज्याने केलं त्याला कोणी शिकवलेलं नाही. अशी एकच व्यक्ती तुमच्याकडे होती.”

  झेंडूच्या माळा घातलेल्या रिक्षांचे ते फोटो आमच्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये होते.

“इनेश,” तेजल पुटपुटली. “जायच्या आधी यंत्राचा निरोप घेतला तिने.”

मी फोन उचलला. “आत्ताच्या आत्ता डेकरांना कळवते. चूक त्यांच्याच युरोपातल्या बाईची आणि बोल आम्हाला!”

तेजलने माझ्या हातावर हात ठेवला. दोन वर्षांत पहिल्यांदाच.

“नको मॅडम. हळद तिने लावली असेल. कोरं पाणी मी तपासलं नाही. तपासलं असतं तर आकडा बाहेर गेलाच नसता. आकड्याखाली सही माझी आहे.”

“अगं पण तुझं नाव वगळतील!”

“वगळू देत. आई कळवणला अख्ख्या गावाला सांगून बसलीय, तेवढं वाईट वाटेल. पण ज्या मुलीने आपल्या यंत्रावर माया केली, तिला पाच देशांपुढे उभं करून मी मुख्य होणार नाही.”

मला राग आला, खूप आला, आणि त्याच वेळी त्या पोरीचा अभिमानही वाटला. मी फोन खाली ठेवला. मग तेजल एकदम ताठ झाली. तिचे डोळे त्या पिवळ्या रेघेवर खिळले होते.

“मावशी, साबण निळा चमकतो आणि हळद पिवळी. बरोबर?”

“बरोबर.”

“यंत्राला मात्र दोन्ही एकच वाटतात.” तिचा आवाज बदलला होता. “मॅडम, रामकुंडावर रोज किती हळद नदीत जाते?”

५

शुक्रवारपर्यंत त्या तिघांनी केंद्र डोक्यावर घेतलं. ढुंढिराजने वर सोमेश्वरपासून खाली टाळकुटेश्वरापर्यंतचं पाणी आणलं. अथर्वने यंत्राच्या डोळ्यापुढे निळा उजेड तेवढा आत सोडणारी आणि पिवळा अडवणारी काच बसवली. मी पहिल्यांदा ढुंढिराजची माफी मागितली. तो “असू दे मॅडम” म्हणाला आणि पुन्हा घाटावर पळाला.

शुक्रवारी दुपारी पडद्यावर चार देश आले. डेकर, केनियाच्या डॉ. अचिएंग, व्हिएतनामच्या डॉ. लान, आणि एका कोपऱ्यात पैठणीची ओढणी घेतलेली इनेश. संजना माझ्या शेजारी हाताची घडी घालून बसली होती.

तेजलने आडपडदा ठेवला नाही. “नाशिकचा आकडा चुकीचा होता. यंत्राला हळद लागली होती. मोजण्याआधी मी कोरं पाणी तपासलं नाही, ही माझी चूक आहे, आणि नावाचा निर्णय तुम्ही घ्याल तो मला मान्य आहे.”

“हळद यंत्रापर्यंत पोचली कशी?” डेकरांनी विचारलं.

“ती आमच्या लॅबमधली गोष्ट आहे,” तेजल म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

“मी लावली,” इनेश म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. “त्या दिवशी नाशिकमध्ये प्रत्येक जण आपल्या कामाच्या वस्तूला धन्यवाद देत होता. रिक्षावाला रिक्षाला, शिंपी मशीनला. आमचं यंत्र एकटंच अंधारात बसलं होतं. मला ते बघवलं नाही. त्याने काही बिघडलं असेल हे मला आत्ता कळतंय. तेजल, तुला माहीत होतं, आणि तू माझं नाव घेतलं नाहीस!”

 मग डॉ. अचिएंग मोठ्याने हसल्या. “आमच्याकडे नवीन यंत्र आलं की पाद्रीबाबा येऊन पवित्र पाणी शिंपडतात. मी दर वेळी पुसून घेते, पण कोणाला सांगत नाही.”

डॉ. लान यांनी हळूच कबूल केलं की त्यांच्या यंत्राशेजारी उदबत्ती लावतात. डेकरांनी चष्मा काढून पुसला. मला वाटतं, त्यांना हसू लपवायचं होतं.

“आता खरी गोष्ट,” तेजल म्हणाली आणि तिने पुढचं चित्र पडद्यावर लावलं. “या हळदीने आपल्याला एक सांगितलं. आपलं यंत्र जी चमक मोजतं, ती सगळी साबणाची नसते. हे रामकुंडाचं पाणी. हा जुना आकडा आणि हा पिवळा उजेड वगळून आलेला आकडा.”

दोन आकड्यांमध्ये बरंच अंतर होतं.

“रामकुंडावर माणसं हळद वाहतात. दोन वर्षं मी ती सांडपाणी म्हणून मोजली. नदी स्वच्छ आहे असं मी म्हणत नाही. शहराखाली साबण आहेच, तो या काचेतूनही तसाच दिसतो, उलट आता तो नेमका कुठे शिरतो तेही दिसतं. पण जे तिचं नाही ते मी तिच्या माथी मारलं होतं. तुमच्या नद्यांतही निळ्याखेरीज चमकणारं काहीतरी असेल. शेवाळ असेल, कुजलेला पाला असेल. एकदा तपासून बघाल का?”

डेकर पुढे वाकून ते दोन आकडे पुन्हा वाचू लागले. हा माणूस गेली कित्येक वर्षं याच पद्धतीने मोजत आला होता, आणि ती पद्धतच अपुरी आहे हे एक पंचविशीतली मुलगी त्याला नाशिकहून सांगत होती.

“आमच्या कालव्यांत शेवाळ भरपूर आहे,” ते म्हणाले. “म्हणजे आम्हीसुद्धा चुकतोय. चौघांचं जुळलं म्हणून आम्ही बरोबर, असं मी धरून चाललो. मिस पगारे, तुमच्या प्रामाणिकपणावर मी शंका घेतली. त्याबद्दल सगळ्यांसमोर क्षमा मागतो.”

मग मतं घेतली. पाचही नद्या नव्या पद्धतीने पुन्हा मोजायच्या, मुख्य प्रयोगशाळा नाशिक, प्रमुख तेजल पगारे. आणि डॉ. लान यांच्या सूचनेवरून त्या काचेच्या मोजणीला पाचही देशांत ‘पगारे पद्धत’ म्हणायचं.

पडदा बंद झाला तशी मी संजनाला मिठी मारली. ती “सोड, गुदमरले” म्हणाली, पण डोळे तिचेही ओले होते. माझ्या गावातल्या चार माणसांनी खरं ते सांगितलं, एकमेकांना विकलं नाही आणि जगाला एक नवी गोष्ट शिकवली. यापेक्षा मोठं संचालकाला काय हवं असतं?

तेजल तशीच उभी होती. मीच तिच्या मोबाइलवरून कळवणला फोन लावला. तिची आई लताबाई तिथल्या शाळेत शिकवतात आणि त्यांचा तास चालू होता. मी सगळं सांगितलं. 

“मॅडम, थांबा हं,” त्या म्हणाल्या. “फोन स्पीकरवर टाकते. आमच्या सातवीच्या मुलींना तिच्याच तोंडून ऐकू द्या. तेजू, सांग बाळा. काय नाव ठेवलं गं त्या पद्धतीला?”

मी फोन तेजलच्या हातात दिला. चार देशांपुढे एकदाही न अडखळलेली ती पोरगी सातवीच्या वर्गापुढे तोंड उघडायला गेली, आणि आपलंच आडनाव काही तिच्या तोंडून बाहेर पडेना.